वाचता न आलेले भाग

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं असतं. काय बोलायचं ते कुणी शिकवत नाही.

घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही. ‘येते’ म्हणायचं.

दिवा गावात पाण्याच्या टँकरच्या हॉर्नला कुणी शिव्या देत नाही.

एका बाईचा सहा वर्षांपूर्वीचा आवाज रोज सकाळी तिलाच हाक मारतो: आई.

पिवळा त्रिकोण. त्रिकोणात उद्गारचिन्ह.

‘पाणी,’ असं मशीन म्हणालं तेव्हा सान्वीचं पाणी पिऊन झालं होतं. ऐश्वर्याने पेला खाली ठेवला होता, पोरीची हनुवटी पुसली होती, आणि मग तो शब्द आला, वाट चुकून उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा. सान्वीने मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं. तिने बटण दाबलं होतं ते केव्हाच. सुदेश युनिफॉर्मच्या शर्टाची बटणं लावत होता, त्याचे हात थांबले. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आला होता आणि त्याच्याखाली इंग्रजीत एक ओळ: हार्ड डिस्कमध्ये दोष आढळला आहे, ताबडतोब बॅकअप घ्या. ताबडतोब या शब्दाशी तो अडकला. तो ज्या लिफ्ट सांभाळतो त्यांतली एकही आधी सांगून बंद पडत नाही. सांगून बंद पडणाऱ्या वस्तूशी कसं वागायचं हे त्याला माहीत नव्हतं.

‘काय म्हणतंय?’ ऐश्वर्याने विचारलं.

‘काही नाही. जुनं झालंय.’

‘मग तिचा आवाज?’

मशीनचा आवाज असं ती म्हणाली नाही.

सान्वी बारा वर्षांची. जन्मताना तिला श्वास उशिरा मिळाला आणि तेव्हापासून हात, पाय, मान, जीभ यांतलं कुणी तिचं ऐकत नाही. समजतं मात्र सगळं. तिच्यासमोर खोटं बोललं की ती भुवया वर करते. तिच्या खुर्चीला लावलेल्या फळीवर एक जुना लॅपटॉप स्क्रूने बसवलेला आहे, त्यालाच घरात मशीन म्हणतात. बॅटरी गेलेली, वायर लावूनच चालतो. पडद्यावर चित्रांच्या चौकटी. नारिंगी उजेड एकेका चौकटीवर थांबत पुढे सरकतो: पाणी, भूक, शू, आई, बाबा, वर्ग, टीव्ही, नको. हव्या त्या चौकटीवर उजेड आला की सान्वी उजव्या मुठीने लाल बटण दाबते आणि मशीन तो शब्द बोलतं. हुकलं तर पुन्हा सगळा फेरा. पण मशीन शिकतही होतं. कुठल्या शब्दानंतर ती कुठला शब्द घेते हे ते कुठेतरी लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तीच चौकट आधी आणायचं. सकाळी ‘वर्ग’नंतर ‘डबा’. ‘बाबा’नंतर ‘लिफ्ट’, मग ‘बंद’, आणि मग सान्वीचं ते खांद्यातून वर येणारं हसू; बापाची नोकरी आणि बापाची बिल्डिंग, दोघांची थट्टा एकाच दमात, कारण लिफ्ट सांभाळणाऱ्या माणसाच्या दिव्यातल्या बिल्डिंगला लिफ्टच नाही आणि चार मजले तो तिला पाठुंगळी नेतो. टॅबलेट घ्या, असं जो तो सांगे. एकदा आणून पाहिला होता. त्याला तिची मूठ कळत नव्हती आणि तिची सवय माहीत नव्हती. मशीनमधला प्रोग्रॅम सान्वीच्या, वर्तकनगरच्या खास मुलांच्या वर्गासाठी कुणा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून केला होता. तो आता परदेशात, मेलला उत्तर नाही. सान्वीची सवय डिस्कवर नेमकी कुठे साठते हे आता कदाचित त्यालाही आठवत नसेल.

आवाज ऐश्वर्याचा. सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, दुपारी, बेडरूमची खिडकी लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन, मोबाइल तोंडाशी धरून तिने एकेक शब्द म्हटला होता. खाली टँकर आला की थांबायचं. मग गोधडीतून घामेजलेलं तोंड बाहेर काढून ती विचारायची, ‘पुढचा?’ आणि सुदेश वर्गातल्या बाईंनी दिलेला पुढचा शब्द वाचायचा. ‘जाते’ आला तेव्हा तिने गोधडी बाजूला केली. मग म्हणाली, ‘हा नको.’ तो म्हणाला, अगं, शब्द आहे. ‘घरातून निघताना जाते कोण म्हणतं? येते म्हणतात. वास्तू तथास्तु म्हणत असते, कुठल्या घटकेला म्हणेल सांगता येत नाही. आणि ही तर दिवसात पन्नासदा दाबेल.’ मग ‘संपलं’ गेलं, त्याच्या जागी ‘झालं’ आलं. ‘मेलं’ वाचायचीही वेळ आली नाही, त्याने स्वतःच वगळलं. ‘पडलं’वर जरा वाद झाला आणि ते राहिलं, कारण सान्वीच्या हातून वस्तू पडायच्या. सुदेशच्या गावीही दिवा विझवत नाहीत, मालवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. तशा घरात वाढलेल्या माणसाला कुठल्या चौकटी राहून गेल्या ते दिसणारच नव्हतं. त्याचा स्वतःचा आवाज एकाच चौकटीत होता, घंटेचं चित्र असलेल्या: ‘ओ, इकडे बघा जरा.’ शेजारचा विकी त्यावर अजून हसतो. म्हणतो, भाऊ, तुमची पोरगी आपल्याला रिक्षावाल्यासारखी हाक मारते.

नंतर ऐश्वर्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. वर शिकवण्या, पोरांना ओरडणं. आवाज खरखरीत झाला, खाली बसला. मशीनमधला मात्र तसाच, मे महिन्यातल्या त्या दुपारचा. रोज सकाळी तो तिला ‘आई’ म्हणतो आणि ती ‘काय गं’ म्हणून वळते. सुदेश पाठमोरा असला की कधी कधी त्याला लग्न झालं तेव्हाची ऐश्वर्या घरात कुठेतरी बोलते आहे असं वाटे, आणि वळून पाहिलं की खुर्चीतली पोर असे, मान कलती, डोळे लख्ख. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? पण आता ती पिवळी खूण पाहिल्यावर त्याला पहिल्यांदा हेच आठवलं, आणि लाज वाटली, की सान्वीच्या आधी आपल्याला हे आठवलं.

संध्याकाळी तो डोंबिवलीत सुशांतच्या दुकानात गेला. सुशांत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. चार वर्षांपूर्वी मशीनचा पडदा त्यानेच बदललेला. त्याने लॅपटॉपचा फोटो पाहिला, त्रिकोणाचा फोटो मोठा करून पाहिला.

‘दादा, बॅकअपची सॉफ्टवेअरं तीन प्रकारची,’ तो म्हणाला. ‘एक, फाइली उचलणारं. तुम्ही टिक करायचं, हे घे, ते घे. अर्ध्या तासाचं काम. दुसरं, अख्ख्या डिस्कची छपाई. विंडोज, प्रोग्रॅम, कचरा, जे जसं आहे तसं. तिसरं मागे गुपचूप बसतं, रोज जेवढं बदललं तेवढं घेतं. पण ते पुढचं. डिस्क धड असलेल्यांचं.’

‘दुसरं दे.’

‘ऐकून तर घ्या. ही डिस्क आजारी आहे. अख्खी वाचायची म्हणजे तिला तुमच्या दिव्याचे चार मजले चढवायचे. पाच-सहा तास. मध्येच बसली तर हातात ना हे ना ते. फाइली तेवढ्या उचलल्या तर आवाज शंभर टक्के वाचतात.’

‘आवाज वाचतील. पण कशानंतर काय, ते?’

‘ते कुठे साठतं?’

‘माहीत नाही.’

‘मग टिक कशावर करणार?’ सुशांतने त्याच्याकडे पाहिलं. ‘एक काम करा. मशीन इथे ठेवून जा. परवा या. मी बघतो.’

‘ठेवलं तर ती परवापर्यंत बोलणार नाही.’

सुशांतने स्क्रूड्रायव्हर काउंटरवर ठेवला. ‘सॉरी, दादा. विसरलेलो मी.’ मग त्याने एक नवी डिस्क, एक पेनड्राइव्ह आणि दोन्ही प्रकारची सॉफ्टवेअरं अशी पिशवी भरून दिली. ‘रविवारपर्यंत कमीत कमी वापरा. आणि आधी ठरवा. निवडक की अख्खं. दोन्ही करायला ही डिस्क पुरेल असं मी नाही बोलणार.’

ठरवा. सुदेशला ठरवायची सवय होती. दोरखंड बदलायचा की अजून सहा महिने चालेल, ब्रेकची पट्टी झिजली की फक्त मळली, हे तो हात लावून ठरवत असे आणि त्याच्या ठरवण्यावर अठ्ठावीस मजले वरखाली करत. इथे हात लावायला काही नव्हतं. कोलशेतच्या टॉवरवर, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, डबा उघडून तो मोबाइलवर लोकांचे सल्ले वाचत बसे. खाली खाडी, पलीकडे मिठागरांची उरलीसुरली चौकटीचौकटींची जमीन. कुणी लिहिलं होतं, मरणाऱ्या डिस्कवरून आधी महत्त्वाचं काढून घ्या. कुणी लिहिलं होतं, महत्त्वाचं कुठलं ते नंतर कळतं, म्हणून अख्खं घ्या. कुणाच्या मुलाच्या बारशाचे फोटो गेले होते. कुणाला आपण काय गमावलं ते सांगता येत नव्हतं, फक्त काहीतरी गेलंय एवढंच. पोळी हातात तशीच राहायची. अख्खं घ्यायचं म्हणजे त्या दिवसाची छपाई. पुढे कधी मशीन बिघडलं आणि ती छपाई पुन्हा चढवली तर मशीन त्या दिवसाला परत जाणार. सान्वी सोळा वर्षांची असेल आणि तिचं बोलणं बारा वर्षांचं. ‘बाबा’नंतर ‘लिफ्ट’, ‘बंद’. तेव्हा तिला त्यावर हसू येईल? की मशीनने पुढे केलंय म्हणून ती तेच दाबेल, आपण कंटाळून घरी आलो की रोजची भाजी मुकाट खातो तशी? कुठल्या दिवशीची सान्वी जपायची? आणि निवडून घ्यायचं म्हटलं तर निवडणारे पुन्हा आपणच. सहा वर्षांपूर्वी गोधडीच्या आतबाहेर बसून दोघांनी निवडलं होतं तसं. पाणी घे. भूक घे. जाते नको.

आणि समृद्धी. ती चौकट नंतर आलेली, चित्राच्या जागी वर्गातला फोटो: दोन वेण्या, पुढचा दात अर्धा. कोलशेत गावातली, आगऱ्यांच्या घरातली मुलगी. तिला चालता येत नव्हतं पण जीभ अशी की वर्गातल्या बाई हात जोडायच्या. तिची खुर्ची सान्वीच्या खुर्चीला लागून. कुणी सान्वीबद्दल तिच्या डोक्यावरून काही विचारलं की ती फटकारायची, ‘मना काय इचारताव? तिला इचारा ना.’ आणि सान्वीचा उजेड फिरून येईपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवायची. दिवाळीनंतर समृद्धीला मोठी फिट आली आणि ती गेली. ऐश्वर्याने सान्वीला जवळ घेऊन सांगितलं, समृद्धी देवबाप्पाकडे आहे.  मग उजेड फिरला, मूठ पडली, पुन्हा फिरला, पुन्हा पडली. ‘समृद्धी. येते.’ ऐश्वर्या स्वयंपाकघरात निघून गेली. त्यानंतर हे जवळजवळ रोजचं झालं. मशीनने ते शिकून घेतलं. ‘समृद्धी’ दाबलं की उजेड कुठेही न थांबता सरळ ‘येते’वर जायचा. तिला वाटतं ती येणार आहे, ऐश्वर्या म्हणायची, वाटू दे. सुदेशनेही वाटू दिलं. ज्याला जी वाट पाहायची ती पाहू द्यावी. अख्खी डिस्क घ्यावी असं त्याला वाटत होतं त्यात हेही होतं. पोरीचं वाट पाहणं कुठल्या फाइलीत असतं? ते टिक करून उचलता आलं नसतं.

शुक्रवारी दुपारी कोलशेतच्या त्याच टॉवरच्या एका लिफ्टमध्ये एक बाई अडकली. वीज गेली, आली, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये उभी. सुदेश पोचला तेव्हा घंटा अखंड वाजत होती. वॉचमन जगन दाराच्या फटीला तोंड लावून ओरडत होता. ‘ओ काकी, आले लिफ्टवाले. बेल सोडा आता. सारखी काय दाबताय?’

आतून शांत आवाज आला. थकलेला, पण शांत. ‘दुसरं काय दाबू, बाबा?’

सुदेश वर गेला, ब्रेक सोडला, हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला लावली. बाई बाहेर आली, जगनला म्हणाली, पोरा, जरा पाणी दे. रोजचंच काम. पण चाक फिरवताना त्याचा हात मध्येच थांबला होता आणि जगनचा खालून फोन आला होता, काय झालं, साहेब, अडकलं का? काही अडकलं नव्हतं. आतली बटणं मेलेली असतात, एक घंटा तेवढी जिवंत असते. माणूस तीच दाबतो. बाहेरच्याला वाटतं, हिला घंटा वाजवायची हौस. बाहेरच्याला काय काय वाटतं. गेले कित्येक महिने ती तेच दाबते आहे आणि आपण बाहेर उभे राहून एकमेकांना सांगतो आहोत की ती वाट बघते आहे. तिने काय दाबायचं होतं? ‘संपलं’ नाही. ‘जाते’ नाही. ‘गेली’ नाही. त्या सगळ्यांच्या जागी एकच चौकट, घरातून निघतानाची. उंबरठ्यावरचा शब्द. तोच तिने उचलला, जवळात जवळचा म्हणून, आणि समृद्धीच्या पुढे ठेवला.

संध्याकाळी ऐश्वर्या मेथी निवडत बसली होती. सान्वी बाहेरच्या खोलीत, टीव्ही बारीक आवाजात.

‘ती वाट बघत नाहीये,’ सुदेश म्हणाला.

‘कोण?’

‘सान्वी. समृद्धीची. आपण दुसरा शब्द दिलाच नाही तिला.’

मेथीचा ढीग इकडचा तिकडे होत राहिला. ‘मग काय देऊ? मेली देऊ?’

‘गेली.’

‘तुम्ही द्या. तुमच्या आवाजात भरा.’

‘तिचा आवाज तुझा आहे.’

‘म्हणूनच.’ तिने काडी मोडली. ‘माझ्या आवाजात, या घरात, सकाळ संध्याकाळ. आणि उद्या तिने समृद्धीच्या जागी दुसरं नाव दाबलं तर? खेळता खेळता? बाबा दाबलं, आई दाबलं? म्हणायला कोणीतरी तथास्तु घेऊन बसलेलंच असतं, अहो. मला हसा तुम्ही.’

‘हसत नाहीये.’

‘ऑपरेशनच्या वेळी टेबलवर मी मनातसुद्धा तो शब्द आणला नाही. त्यांनी दहापासून उलटे आकडे म्हणायला सांगितले तर मी एकापासून सुलटे म्हटले.’ ती थोडी हसली. मग गळ्यावरच्या बारीक रेघेवर नकळत बोट ठेवलं, तिथे मेथीचं पान चिकटलं. त्याने ते काढलं नाही. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. सान्वीच्या कानावर हे सगळं गेलं असणार. त्या घरात कुणाच्या कानावर काय जाणार नाही एवढी जागाच नव्हती. मशीन काही बोललं नाही. ते हळू झालं होतं की ती गप्प होती, हे कळायला मार्ग नव्हता.

शनिवारी सकाळी कामावर निघण्याआधी तो सान्वीसमोर स्टुलावर बसला. समृद्धीने शिकवलं होतं तसं तिलाच विचारावं, असं त्याला रात्रभर वाटत होतं. त्याने सगळं सांगितलं. डिस्क म्हणजे काय, आजारी कशी, दोन सॉफ्टवेअरं कुठली, एकात आवाज नक्की वाचतात पण सवय जाते, दुसऱ्यात सगळं येईल किंवा काहीच येणार नाही. सांगता सांगता तो तिला धीर द्यायला लागला, काही नाही होणार, अगदी सोपं आहे, तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या. ‘बरं,’ तो म्हणाला. ‘माहीत नाही काय होईल ते.’ उजेड फिरायला लागला. फार हळू. जेवणाच्या चौकटींच्या पानावर गेला, तिथे थांबला. मूठ पडली. तो वाट पाहत राहिला. ‘सगळं,’ मशीन म्हणालं. मग पुन्हा फिरून, ‘बाबा. भूक.’ म्हणजे भाषण पुरे, आता नाश्ता आणा.

रविवारी विकीच्या घरातून इन्व्हर्टरची वायर ओढून आणली. विकी दाराशी उभा राहून म्हणाला, भाऊ, ऑपरेशन आहे का काय, आणि कुणी हसलं नाही तेव्हा वायर धरून थांबला, मग गेला. सुदेशने पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं. चौकटी आल्या नाहीत. करडा पडदा आला, त्यावर एक रिकामी पट्टी, पट्टीत डावीकडून भरत जाणारा निळा रंग. अख्ख्या डिस्कची नक्कल सुरू झाली. मशीन तिच्या फळीवरच होतं, स्क्रू काढलेच नव्हते. सान्वी त्या पट्टीकडे पाहत होती. आता तिला काही म्हणता येणार नव्हतं, दुपारपर्यंत. घर विचित्र झालं. ऐश्वर्या भाकरी थापता थापता ‘काय गं’ म्हणाली आणि थांबली. कुणी हाक मारली नव्हती. सुदेशला आठवलं, बोलत राहायचं असतं. तो बोलू लागला. आता एवढं झालं, बघ. आता एवढं. लिफ्टमधल्या लोकांना तो काय विचारायचा ते त्याने तिला सांगितलं: गाव कुठलं, आज जेवायला काय केलंय, घरी कोण वाट बघतंय. एकदा एका म्हाताऱ्याने दाराआडून त्यालाच विचारलं होतं, तुझं कसं चाललंय. सान्वी ऐकत होती. तिच्या गळ्यातून मधूनच एक आवाज यायचा, शब्द नसलेला, जाडसर, थोडा लांबलेला. तो तिचा स्वतःचा आवाज होता. सहा वर्षांत तो त्याने नीट ऐकला नव्हता, कारण मशीन नेहमी आधी बोलायचं. हळूहळू त्याचं बोलणं संपलं आणि तो फक्त तो आवाज ऐकत बसला.

पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली. डिस्कमधून बारीक टकटक आली. पडद्यावर चौकोन: हा भाग वाचता येत नाही. खाली दोन बटणं. वगळा. थांबा. सुदेशने माउसला हात लावला आणि तसाच ठेवला. वगळा म्हणजे तेवढं सोडून पुढे. पण तेवढं म्हणजे काय? ते रिकामं असू शकतं. ते ‘पाणी’ असू शकतं. ‘बाबा’नंतरची वाट असू शकते, किंवा ‘आई’, गोधडीतली, मे महिन्यातली, जी पुन्हा कुणाच्या गळ्यातून येणार नाही. थांबा म्हणजे मागे फिरायचं, जमतील त्या फाइली उचलायच्या, सवय सोडून द्यायची.  आपण इतकी वर्षं हेच करत आलो, हा नको, तो नको, पण तेव्हा निदान काय वगळतोय ते ऐकू येत होतं. फळीवर काहीतरी हललं. सान्वीची मूठ. लाल बटणावर नव्हे, त्याच्या जवळ, हवेत. मग त्याच्या लक्षात आलं की ते बटण अजून चालू आहे. ते प्रोग्रॅमचं नव्हतं, ते फक्त माउसच्या टिचकीसारखं होतं. बाण जिथे असेल तिथे ते दाबलं जाणार.

‘सान्वी,’ तो म्हणाला. ‘मी बाण वगळावर ठेवतो. एक तुकडा वाचता येत नाहीये. त्यात काय आहे, मला माहीत नाही. तो सोडून पुढे जायचं असेल तर दाब. नसेल तर दाबू नकोस.’

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मूठ पडली. पट्टी सरकली. पुन्हा टकटक, पुन्हा चौकोन. ऐश्वर्या पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मूठ पडली. असं किती वेळा झालं ते त्याने मोजलं नाही. एकदा ती इतका वेळ थांबली की त्याने हात पुढे केला, बाण ‘थांबा’वर न्यावा म्हणून, आणि तिच्या गळ्यातून तो जाडसर आवाज आला. त्याने हात मागे घेतला. मूठ पडली.

नक्कल पुरी झाल्यावर जुनी डिस्क काढून नवी बसवणं हे त्याचं काम होतं, आणि ते हातांना येत होतं. मशीन सुरू झालं. चौकटी आल्या, उजेड चालू लागला, पूर्वीच्या वेगाने. ‘पाणी,’ सान्वी म्हणाली, आणि पाणी नंतर आलं. काय गेलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. कधीतरी ती एखादी चौकट दाबेल आणि काही ऐकू येणार नाही, तेव्हा कळेल. ‘आई,’ ती म्हणाली, आणि तो जुना आवाज होता, जसाच्या तसा. ऐश्वर्याने पदराला हात पुसले. मग ‘समृद्धी’. उजेड सरळ ‘येते’वर गेला. सवयही आली होती.  पण मूठ पडली नाही. उजेड थोडा थांबून पुढे निघाला, ओळ संपवून खालच्या ओळीत, तिथून पुढच्या पानावर, एकेका चौकटीवरून, कंटाळवाण्या वेगाने, अगदी शेवटी, जिथे चित्र नसलेली एक चौकट होती आणि ती त्याने कधी पाहिली नव्हती.

‘गेली.’

हा आवाज गोधडीतला नव्हता. खरखरीत, खाली बसलेला, आजचा. शब्दाच्या आधी श्वास घेतलेलाही त्यात आला होता. सुदेशने वळून पाहिलं. काल दुपारी, तो कामावर असताना, तिने तो भरला असणार, पोरीला समोर बसवून. ऐश्वर्या त्याच्याकडे पाहत नव्हती. ती सान्वीकडेही पाहत नव्हती. छताच्या कोपऱ्याकडे पाहत होती, कुणी काही म्हणतंय का ते ऐकावं तशी.

सान्वीने पुन्हा दाबलं. पुन्हा तो सगळा लांबचा फेरा, ‘येते’ ओलांडून. ‘समृद्धी. गेली.’

‘हो,’ ऐश्वर्या म्हणाली.

समृद्धीला ती मोठी फिट आली होती ती वर्गात, शेजारच्याच खुर्चीत, आणि बाई धावत येईपर्यंत समृद्धीचा हात सान्वीच्या हातावर होता.